सावकाश म्हणजे नक्की किती सावकाश?

परतलेला_चाकरमानी | ११ मे २०२५, रात्री ९:४०

मंडळी, हा धागा कोणत्या सदरात टाकावा ते कळेना. आरोग्य म्हणावं तर मध्येच आमसुलं येतात, पाककृती म्हणावं तर माझं बीपी येतं. संपादकांना वाटलं तर हलवा.

पार्श्वभूमी थोडक्यात. वय ४९. बावीस वर्षं ठाण्यात मालवाहतुकीच्या धंद्यात नोकरी. गाडी कुठे आहे, का पोचली नाही, कधी पोचेल, हे तीन प्रश्न दिवसातून दोनशे वेळा. जानेवारीत तपासणीत बीपी १७०/१०५ निघालं. मशीन बिघडलंय म्हणून मी बीपी मोजणाऱ्या मुलीशी वाद घातला, तर पुढचा आकडा १७८. डॉक्टर म्हणाले, गोळी मी देतो, पण ही जी धावपळ आहे तिच्यावर माझ्याकडे गोळी नाही. शेवटी सहा महिन्यांची बिनपगारी रजा टाकली. बायकोची नोकरी ठाण्यातच, ती तिथे. मी एप्रिलपासून गावच्या घरी, कोकणात, आंजर्ल्याच्या बाजूला. घरात आत्या (वय ७८) आणि मी.

मला वाटलं होतं, इथे आलो की घाई आपोआप गळून पडेल. पडली नाही. रोज सकाळी सहाला किनाऱ्यावर चालायला जातो, मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ. दहा हजार झाली की परत. एकदा नऊ हजार सातशेवर घरी पोचलो, तर उरलेली तीनशे अंगणात फेऱ्या मारून पुरी केली. आत्या तुळशीला पाणी घालत होती. म्हणाली, "कोण पाठीस लागलंय का रे तुझ्या?"

आता रातांब्यांचं, म्हणजे कोकमाच्या फळांचं. एप्रिलच्या शेवटी आत्याने दोन पाट्या रातांबे काढून घेतले आणि मला कामाला बसवलं. धुवायचे, फोडायचे, बिया नि गर एका बाजूला, साली दुसऱ्या बाजूला. गरात मीठ घातलं की रस सुटतो. साली त्या रसात बुडवायच्या, दुसऱ्या दिवशी काढून उन्हात. संध्याकाळी वाळलेल्या साली पुन्हा रसात, सकाळी पुन्हा उन्हात. याला पुटं देणं म्हणतात. आमच्याकडे सहा पुटं. पहिल्या दिवशी साल लालभडक आणि जाड असते, वाटीसारखी. तिसऱ्या पुटाला कडा आत वळतात, रंग काळपट जांभळा. मला तर ती आमसुलंच दिसायला लागली होती. आत्या एका लग्नाला वेळासला गेली होती, म्हणून मी माझ्या बुद्धीने प्रक्रिया आटोपती घेतली (हा आमच्या ऑफिसातला शब्द). बरणीत भरली, झाकण लावलं, बरणीवर तारखेची चिठ्ठी. आठव्या दिवशी आत पांढरी बुरशी. दोन पाट्या फुकट.

आत्या रागावली नाही, तेच जास्त लागलं. बरणी घासताना म्हणाली, "सालीला रस पिऊ दे की. तुला काय गाडी पकडायचीय?"

तर प्रश्न असा: अंगात मुरलेली घाई जाते का? तुमची गेली असेल तर कशी? "सकारात्मक राहा", "मेडिटेशन करा" एवढंच लिहिणार असाल तर ते मला रोज सकाळी सात जणांकडून, सूर्योदयाच्या फोटोसकट येतं. कोणी प्रत्यक्ष काय केलं ते सांगा.

---

खाडीकाठची | ११ मे, रात्री १०:१५

लेख आवडला. आत्यांना नमस्कार. पाटीला मीठ किती घालतात ते विचारून सांगाल का? आमच्याकडे अंदाजपंचे.

---

गजालीवाला | ११ मे, रात्री ११:०२

अहो भाऊ, तुमका खरां सांगतंय. कोकणातलो माणूस सावकाश नाय. त्येची एष्टी सावकाश असा. नवाची एष्टी साडेधाक येता, मगे माणूस काय करतलो? पारार बसतलो आणि गजाली मारतलो. नि शेरातली माणसां त्येका शांत जीवन म्हणतत!

---

स्टेथो | १२ मे, सकाळी ७:२०

डॉक्टर आहे, म्हणून चार कोरड्या गोष्टी सांगून जातो.

एक, इथे बरं वाटतंय म्हणून गोळी परस्पर बंद करू नका. मोकळ्या हवेने आकडा थोडा उतरला की लोक हेच करतात. घरी बीपी मोजताना आधी पाच मिनिटं पाठ टेकून बसा, पाय जमिनीवर, हात छातीच्या पातळीला, आणि तोंड बंद. गप्पा मारताना मोजलेला आकडा वरच येतो. मशीनशी वाद घालतानाचाही.

दोन, श्वास. आपण एरवी मिनिटाला बारा ते वीस श्वास घेतो. दिवसातून दहा मिनिटं ते सहापर्यंत आणा, बाहेर सोडण्याला जास्त वेळ द्या. रक्तदाबावर थोडा परिणाम होतो, असं अभ्यासांत दिसलंय. थोडा म्हणजे थोडाच, गोळीच्या जागी नाही.

तीन, मेडिटेशनची थट्टा केलीत ती फॉरवर्डांपुरती मान्य. पण १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात जॉन कबॅट-झिन यांनी जो अभ्यासक्रम सुरू केला, तो बऱ्या न होणाऱ्या दुखण्यांच्या रुग्णांसाठी होता. त्यात "आनंदी राहा" नव्हतं. जे दुखतंय त्याकडे न पळता बघायचं, एवढंच होतं. तुमच्या आत्या सालीकडे बघतात तसं काहीसं.

चार, आमसुलात भरपूर मीठ असतं हे विसरू नका. दिवसाचं एकूण मीठ पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे चमचाभरही नाही. आगळाचं (कोकमाच्या खारवलेल्या रसाचं) सरबत पिताना मोजून.

---

परतलेला_चाकरमानी | १२ मे, सकाळी ७:५५

चौथा मुद्दा आत्याला वाचून दाखवला. "डॉक्टरला सांग, मग मीठ आम्ही समुद्रालाच परत देतो."

---

डोलकाठी | १३ मे, दुपारी २:१०

तुमचं घड्याळ चुकीचं आहे एवढंच सांगायला आलोय.

रोज सकाळी सहाला किनाऱ्यावर जाता म्हणता. कोणी सांगितलं सहाला? समुद्र काय सहाची ड्युटी करतो? आमच्या घरात चार पिढ्या पाण्यावर. माझे आजोबा कधी घड्याळ वापरत नव्हते, तिथी वापरायचे. तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. आज वद्य प्रतिपदा, एक पाऊणे पाऊण, म्हणजे पाऊण वाजता पूर्ण भरती, दुपारी आणि रात्रीही. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहाला. पाच-पंधरा मिनिटांचा फरक पडेल, त्यावर भांडू नका. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. म्हणजे आज सकाळी तुम्ही गेलात तेव्हा लांबपर्यंत घट्ट वाळू मिळाली असेल, पावलं छान पडली असतील. २० तारखेला अष्टमी, तेव्हा सहाला पाणी भरलेलं असेल. भांगाची भरती, फार वर येणार नाही, पण चालायला कोरडी मऊ वाळू मिळेल आणि दहा हजार होता होता पोटऱ्या बोलतील.

तेव्हा घड्याळ काढा आणि कालनिर्णय बघून जा. वेळ रोज पाऊण तास पुढे सरकते. पंधरा दिवस असं चाललात की सहाचं भूत उतरेल, कारण तुमची वेळ तुमच्या हातात राहणारच नाही.

आणि एक, जरा कडू. १ जून ते ३१ जुलै आमची बंदी, ६१ दिवस. मासळीच्या विणीचा काळ, समुद्र खवळलेला, बंदी हवीच, त्यावर दुमत नाही. पण किनाऱ्यावर होड्या शाकारलेल्या, माणसं जाळी घेऊन बसलेली दिसली की पर्यटक म्हणतात, "किती निवांत आयुष्य!" त्या निवांतपणात बँकेचा हप्ता थांबत नाही, खलाशांना दिलेली उचल थांबत नाही. जाळ्याचं एकेक भोक सांधताना माणूस मनात हिशेबच करत असतो. हात सावकाश, डोकं नाही. दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

---

मुद्देसूद | १३ मे, सायंकाळी ५:३०

डोलकाठी यांच्या शेवटच्या परिच्छेदाला +१००.

मला मूळ कल्पनेतच घोळ वाटतो. "सकारात्मक दृष्टिकोन" हा आता उपदेश राहिला नाही, आरोप झालाय. नोकरी गेली? तू सकारात्मक नव्हतास. आजार बळावला? विचार नकारात्मक होते. म्हणजे त्रासही त्याला आणि दोषही त्याचाच. आणि सावकाश जगण्याची जी लाट आहे, तिचा उगमही बघा. १९८६ मध्ये रोममध्ये स्पॅनिश पायऱ्यांजवळ मॅकडोनाल्ड्स उघडणार म्हणून कार्लो पेट्रिनी आणि त्यांच्या मंडळींनी विरोध केला, त्यातून स्लो फूड चळवळ उभी राहिली. ती गावचं बियाणं, शेतकरी, स्थानिक पदार्थ यांच्या बाजूची होती. आज त्याच शब्दाने महागडे रिसॉर्ट विकतात. दोन रात्रींच्या पॅकेजमध्ये सावकाश जगा, चेक-आउट अकराला.

---

घावनवाली | १४ मे, रात्री ११:४८

एवढ्या रात्री लिहितेय कारण आत्ता मोकळी झाले.

गुहागरला आमचं घरगुती राहण्या-जेवण्याचं आहे, चार खोल्या. सीझन म्हणजे मे. येणारे सगळे हेच म्हणतात, "आम्हाला काही बघायचं नाही, फक्त शांत पडायचंय." पडतात बिचारे. पण घावणे सकाळी आठला हवेत, गरम हवेत, आणि एकाला नारळाचा रस, दुसऱ्याला चटणी, लहान मुलाला साखर. तांदूळ आदल्या रात्री भिजवलेले असतात, साडेचारला उठून वाटते, नारळ खवते. बिडाचा तवा एकच, पीठ पातळ, एक घावन सुटायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागतोच. तव्याला घाई केली तर चिकटतो, मग पुढचे तीनही चिकटतात. आणि बाहेर व्हरांड्यातून आवाज येतो, "वहिनी, किती वेळ?"

काल एका पाहुण्यांनी दुपारी साडेबाराला उकडीचे मोदक मागितले, दीडला निघायचं होतं. शांतपणा शिकायला आले होते ते. (दिले करून. पंचवीस.)

माझी तक्रार नाही, धंदा आहे, पैसे मिळतात. पण चाकरमानी भाऊ, एक विचारू? तुम्ही सकाळी चालून येता तेव्हा चहा तयार असतो ना? आत्याबाई ७८ च्या आहेत म्हणालात. त्या कितीला उठतात?

---

परतलेला_चाकरमानी | १५ मे, दुपारी १२:२०

वहिनी, काल तुमचा प्रतिसाद वाचला आणि उत्तर द्यायला दुपार झाली, कारण उत्तर मला माहीतच नव्हतं. आज मुद्दाम गजर लावून उठलो. पावणेपाच. आत्या आधीच उठलेली. चूल पेटलेली, पाणी तापत ठेवलेलं, अंगण झाडून झालेलं, विहिरीवरून दोन कळश्या आणलेल्या. पंप आहे. पण "पंप लावला की तू उठशील" म्हणून ती एवढे दिवस कळशीने आणत होती.

दीड महिना मी झोपाळ्यावर बसून मनःशांती शोधत होतो.

आजपासून पाणी आणि अंगण माझ्याकडे. पहिल्याच दिवशी खराटा उलट्या दिशेने मारला म्हणून बोलणी खाल्ली. वाऱ्याची दिशा बघून झाडायचं असतं म्हणे.

---

गजालीवाला | १५ मे, दुपारी १:०५

वैनी, एकाच वाक्यात बाप्याक झोपाळ्यावरसून उठवलास. होय म्हाराजा!

---

कासवमित्र | १६ मे, सकाळी १०:३०

वेळासचा उल्लेख आला म्हणून राहवलं नाही. २००२ पासून तिथे ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यांचं संरक्षण सुरू आहे, चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने सुरुवात केली, आज गावकरी ते पुढे नेतात. मी काही वर्षं हंगामात मदतीला जात होतो. अंडी खड्ड्यात असतात, पिल्लं बाहेर यायला साधारण पन्नास दिवस, वाळूच्या उबेवर थोडं मागेपुढे. सकाळ-संध्याकाळ घरट्यावरची टोपली उचलायची आणि बघायचं. पिल्लं आली असतील तर समुद्राकडे सोडायची. नसतील तर टोपली परत ठेवायची.

एवढंच काम. पण टोपली उचलताना भोवती शंभर-दीडशे माणसं, पुण्या-मुंबईहून रात्रभर प्रवास करून आलेली. खाली नुसती वाळू. तेव्हाचे चेहरे बघण्यासारखे असतात. "काल किती आली होती?" "उद्या नक्की का?" एका गृहस्थांनी विचारलं, "जरा उकरून बघता येणार नाही का?"

त्यांच्याच बरोबरची सात-आठ वर्षांची मुलगी मात्र टोपली परत ठेवल्यावरही तिथेच बसली. वाळूत खेकड्यांची बिळं असतात, त्यांच्या तोंडाशी ते छोटे वाळूचे गोळे रचून ठेवतात, ती ते मोजत होती. कासव दिसलं नाही याचं तिला काही नव्हतं. वडील गाडीतून हॉर्न वाजवत होते.

---

खिडकीची_जागा | १६ मे, दुपारी ४:१५

छोटीशी भर. कोकण रेल्वेचा मार्ग ७४१ किलोमीटर, आणि पावसाळा आला की तिचं वेळापत्रकच बदलतं, यंदा १५ जूनपासून. दरडी, ओले कटिंग, कमी दिसणं, म्हणून वेग उतरवतात, धो धो पावसात तर ताशी ४० वर. मी पंधरा वर्षं रत्नागिरी-दादर करतोय. आधी चिडायचो. मग लक्षात आलं, जी रेल्वे चार महिने उघडपणे "आम्ही हळू चालणार" असं वेळापत्रकात छापते, तिच्यावर चिडण्यात अर्थ नाही. चीड यायची ती न सांगता उशीर करणाऱ्यांची. म्हणून आता घरी, ऑफिसात आधीच सांगून टाकतो: मला याला चार दिवस लागतील. लोक ऐकतात हो.

(मुंबई-गोवा महामार्गाबद्दल इथे कोणी बोलू नये. धागा भरकटेल आणि चाकरमान्यांचं बीपी वाढेल.)

---

वाडीवाली | २१ मे, रात्री १०:३०

मुद्देसूद यांनी "सकारात्मक म्हणजे आरोप" लिहिलं, ते आठवडाभर डोक्यात आहे. मी श्रीवर्धनची. ३ जून २०२०.

निसर्ग वादळ दुपारी आमच्या बाजूलाच किनाऱ्याला धडकलं. लॉकडाऊन होतं, सगळे घरात. आवाजाबद्दल बरेच लिहितात, मी लिहिणार नाही. संध्याकाळी मागचं दार उघडलं तर समुद्र दिसला. आमच्या मागच्या दारातून कधीच समुद्र दिसत नसे, मध्ये वाडी होती. चारशेच्या वर सुपारी, साठेक नारळ, जायफळं, मिरीचे वेल. सासऱ्यांच्या आजोबांपासूनची. मोजली तेव्हा ३१ पोफळी उभ्या होत्या. वीज यायला दीड महिना लागला.

फोन लागायला लागले तसे नातेवाइकांचे आले. "जीव वाचला ना, बाकी सगळं परत होतं. बी पॉझिटिव्ह." चांगल्या मनाने म्हणत होते. मला मात्र फोन समुद्रात फेकावा वाटायचं. परत होतं म्हणे! नवी पोफळ धरायला सहा-सात वर्षं, बाणवली नारळाला त्याहून कमी नाहीत, जायफळ तर विचारूच नका. माझी झोप उडाली. वर्षभर औषध घेतलं, महाडला डॉक्टरांकडे जाऊन. हे मुद्दाम लिहितेय, कारण पुढचं वाचून कोणाला वाटायचं की आम्ही फार धीराचे.

सासूबाई (आज ७४) आठ-दहा दिवस कोणाशी बोलल्या नाहीत. रोज पडलेल्या खोडांवरून पाय टाकत फिरायच्या. पुढच्या हंगामात एक दिवस पाण्याने भरलेली बादली आणि टोपलीभर पिकल्या सुपाऱ्या घेऊन पडवीत बसल्या. त्या सुपाऱ्या उभ्या राहिलेल्या ३१ झाडांच्याच. एकेक पाण्यात टाकायची. आडवी पडली तर बाजूला, खायला. देठाची टोपी वर करून उभी तरंगली तर बियाण्याला. मी विचारलं, हे काय? म्हणाल्या, "वाऱ्यात जी उभी राहिली तिचीच घ्यायची. आता पाण्यात कोण उभं राहतंय ते बघतेय." त्यांना काही अलंकारिक बोलायचं नव्हतं, ही बियाणं निवडायची जुनी रीतच आहे.

दोन महिन्यांनी कोंब. दीड वर्ष रोपं पिशवीत. २०२२ च्या पावसात लावली, १८० जगली. आधी केळी लावल्या, कारण पोफळीच्या पोराला भरउन्हात सावली लागते, आणि केळीचे चार पैसेही आले. शिंपणं माझ्याकडे. आजपर्यंत एकही सुपारी मिळालेली नाही, अजून तीन-चार वर्षं मिळणारही नाही. यंदा बुंध्याला पहिली वळी दिसायला लागली. पान गळलं की खोडावर एक वळं राहतं. विरी (पानाच्या देठाचं रुंद आवरण) पडली की सासूबाई उचलतात, पुसतात, पडवीत एकावर एक ठेवतात. कशाला म्हणून विचारलं की म्हणतात, लागतील.

मला यात दृष्टिकोन वगैरे काही दिसत नाही. सकाळी पाणी सोडायचं असतं, ते सोडते.

---

मुद्देसूद | २१ मे, रात्री ११:२०

माझे शब्द मी मागे घेत नाही, पण तुमच्या प्रतिसादापुढे ते फार सफाईदार वाटतात. एक विचारतो, नको असेल तर उत्तर देऊ नका: राग गेला का?

---

वाडीवाली | २२ मे, सकाळी ६:१०

नाही. कमी होतो, जून आला की परत येतो. येऊ दे. पंप लावायचाय.

---

परतलेला_चाकरमानी | २९ मे, रात्री ९:१५

मधले दहा दिवस वीज येऊन-जाऊन होती. यंदाचा पाऊस तुम्ही सगळ्यांनीच पाहिलात. २० तारखेपासूनच झोडपायला लागला, २५ ला मान्सून कोकणात आल्याचं जाहीर झालं, दुसऱ्या दिवशी मुंबईत. मृग लागायला अजून दोन आठवडे! आत्या म्हणते तिच्या आयुष्यात असा मे नाही.

आमची दुसरी खेप: तीन पाट्या रातांबे. यावेळी रीतसर. १९ तारखेला पाचवं पूट. २० ला दुपारी साली अंगणात, मी पडवीत, आणि वाडीमागून तो आवाज आला. लांबून कोणीतरी तांदूळ पाखडत येतंय असा. मी धावलो. सुपं, परात, चटई, जे हाताला लागेल ते उचलून आत. आत्याही धावली, ७८ वर्षांची, माझ्यापेक्षा दोन परात जास्त. अर्धी खेप भिजली.

आता गंमत ऐका. साली आत आल्या आणि आम्ही दोघं ओल्या अंगाने ओटीवर बसलो, तेव्हा छाती धडधडत होती, पण पाच मिनिटांत थांबली. काम संपलं, धावणं संपलं. ठाण्यात गाडी पोचल्यावरही माझं धावणं संपायचं नाही. रात्री उशीवर डोकं ठेवून पुढच्या गाडीमागे धावायचो. म्हणजे मी पळालो हे वाईट नव्हतं. पळणं संपवायची सवय गेली होती.

भिजलेल्या साली आत्याने टाकून दिल्या. अर्धा मिनिट त्यांच्याकडे बघितलं आणि आंब्याच्या आळ्यात उपड्या केल्या. उरलेल्यांचं सहावं पूट उन्हाशिवाय. चुलीवर माळ्याला सुपं टांगली आहेत, खालून धुराची ऊब. नऊ दिवस झाले. रोज एकेक साल बोटाने दाबून बघायची. आता त्यांना धुराचा वास लागलाय, आत्या म्हणते सारात बरा लागेल. बघू.

डोलकाठी भाऊ, घड्याळ कपाटात आहे. तिथीप्रमाणे चालतो. २६ ला अमावस्या, उधाण आणि त्यात पाऊस, साडेअकराला पाणी सुरूच्या झाडांच्या मुळांशी. त्या दिवशी गेलोच नाही. पावलं किती झाली असतील कोण जाणे.

बीपी: परवा १३८/८८. पाठ टेकून, तोंड बंद ठेवून मोजलं. गोळी चालू आहे.

ऑफिसातून फोन आला होता, जुलैत येताय का म्हणून. खिडकीची_जागा यांची युक्ती वापरली. म्हटलं, ऑक्टोबरात सांगतो. पलीकडे शांतता. मग "ओके" म्हणाले. एवढं सोपं होतं?

---

स्टेथो | २९ मे, रात्री ९:५०

१३८/८८ म्हणजे सुधारणा आहे. एका आकड्यावर उड्या मारू नका, आठवडाभर सकाळ-संध्याकाळ लिहून ठेवा आणि तुमच्या डॉक्टरांना दाखवा. धुराचं आमसूल पाठवणार असाल तर मिठाचा मुद्दा मी तात्पुरता विसरतो.

---

खाडीकाठची | ३० मे, सकाळी ८:००

मीठ किती ते राहिलंच.

---

घावनवाली | ३० मे, रात्री १०:०५

आमचा सीझन पावसाने दहा दिवस आधीच संपवला. तीन बुकिंगं रद्द, नुकसान झालंच. पण आज सकाळी पहिल्यांदा घावन तव्यावरून थेट माझ्या ताटात. बसून खाल्लं. सहा.

---

वाडीवाली | ३ जून, सकाळी ११:३०

आज पाच वर्षं. काल रात्री वारा होता, १८० पैकी दोन कलली, बांबूचा आधार दिला. सासूबाईंनी पडवीतल्या विऱ्या काढल्या. शेजारच्या नातीच्या बारशाच्या जेवणाला त्याच पानांच्या जागी वापरल्या. लागल्या.

---

डोलकाठी | ३ जून, दुपारी १२:१५

होडी शाकारून झाली. ६१ तले तीन गेले. चाकरमानी भाऊ, आज अष्टमी, विसरू नका.

---

परतलेला_चाकरमानी | ३ जून, दुपारी ४:४०

सहाला भरती, भांगाची. लक्षात आहे. आज आत्या पण येतेय म्हणते, दोन वर्षांनी. छत्री शोधणं चालू आहे.

खाडीकाठची ताई, मिठाचं विचारलं. आत्या: "पाटीला? मुठी घालायच्या." किती मुठी? "तुझ्या की माझ्या?"